पाणी न्हाई यायचं, पण उचला

सांगलीच्या त्या अभ्यासिकेत मी पहिल्यांदा पाऊल ठेवलं तेव्हा कमलअक्का एका मुलाला खुर्चीवरून उठवत होत्या.

"तू फौजदार झालास न्हवं? मग हितं कशाला बसतोस? ऊठ. दुसऱ्याला जागा दे."

मुलगा कानापर्यंत लाल झाला होता. हॉलमधल्या तीसेक मुलामुलींनी डोकी पुस्तकात घातली होती, पण पान कुणीच उलटत नव्हतं. अक्कांनी भिंतीकडं बोट केलं. तिथं प्रत्येकानं आपापल्या नावाचा एक मोठा कागद चिकटवला होता. या मुलाच्या कागदावर लाल शाईनं ठळक लिहिलं होतं, 'मी फौजदार झालो आहे'. त्याखालचा भाग जवळजवळ कोरा होता.

"अक्का, व्याख्यानात सांगितलंय," तो पुटपुटला. "होणार असं म्हणायचं नाही, झालोय असंच म्हणायचं. मनात पक्कं धरलं की ते घडतं."

"धर की. मी कुटं नको म्हणती? वरची ओळ तुजी. पण खालचा कागद माजा हाय. रोज काय वाचलं ते त्यात लिवायचं ठरलं हुतं. म्हैन्यात चारच ओळी?"

तो उठला नाही, आणि अक्काही जागच्या हलल्या नाहीत. शेवटी त्यानं पुस्तक उघडलं, तेव्हा त्या माझ्याकडं वळल्या.

"कुठली गं तू?"

"वाईची."

"मग वाई, तुजा कागद त्या कोपऱ्यात लाव."

पुढची साडेतीन वर्षं मी त्यांच्यासाठी 'वाई'च राहिले. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण ते त्यांनी कधी घेतलं नाही.

हे वाचनालय गावभागात, नदीकडं उतरणाऱ्या एका बोळात होतं. खाली अभ्यासिका आणि पुस्तकांची कपाटं, वर एक मोकळी खोली आणि गच्ची. मी विश्रामबागेत दोन मुलींबरोबर राहायचे आणि सकाळी सायकल मारत इकडं यायचे. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांना शहरात चकचकीत अभ्यासिका खूप होत्या. इथं पंखेसुद्धा करकरायचे. तरी इथली जागा मिळायला वाट बघावी लागे, ती अक्कांमुळं.

कमलअक्का कोळेकर कवठे महांकाळच्याही पलीकडच्या, कोरड्या मुलखातल्या. घरची मेंढरं. लहानपण त्यांच्यामागं चालण्यात गेलेलं. दहावीपर्यंत शाळा कशीबशी पुरी करून त्या इथं शिपाई म्हणून लागल्या आणि पुढं ग्रंथपालाचा अभ्यासक्रम करून इथल्याच ग्रंथपालाच्या खुर्चीत बसल्या. उंच, काटक, पदर कायम खोचलेला, मनगटावर पुरुषी घड्याळ. हॉलच्या दारात येऊन त्या एकदा नजर फिरवत आणि म्हणत, "आज कोन न्हाई?" हजेरी त्यांनी कधी घेतली नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कळपात एक मेंढरू कमी असलं तर मोजाय लागत न्हाई गं. दिसतंच."

त्या पहिल्या दिवशीचा मुलगा म्हणजे सुहास. अक्कांच्याच तालुक्यातला, म्हणून त्याच्यावर जरा जास्त धार. देखणा, बोलका, कुणाचंही मन सांभाळणारा. तो आला की हॉल जागा व्हायचा. निराश झालेल्या पोराला चहाला नेऊन तो असा काही उभा करायचा की ते पोर परत येऊन चार तास वाचायचं. सुहास स्वतः मात्र तेवढ्या वेळात दुसऱ्या कुणाला तरी चहाला नेत असायचा.

आणि रेश्मा. ती जतकडची. कुलूप उघडायच्या आधी ती पायरीवर असायची. तिच्या कागदाचा खालचा भाग बारीक अक्षरांनी भरून जाई, दुसरा कागद जोडावा लागे. वरची ओळ मात्र रिकामी.

"वर कायतरी लिव की," अक्का म्हणाल्या.

"काय लिहू अक्का? माझं होणार नाहीच."

"मग खाली कुणासाठी लिवतीस?"

रेश्मा परत पुस्तकाकडं वळली. अक्कांनीही तो विषय तिथंच सोडला. ती त्यांची चूक होती, असं पुढं त्या स्वतःच म्हणत.

त्या वर्षीच्या परीक्षेला माझं आणि रेश्माचं केंद्र एकच आलं, विश्रामबागेतलं एक कॉलेज. आम्ही रिक्षानं बरोबर गेलो. फाटकाशी तपासणीची रांग होती. माझी तपासणी झाली, मी आत गेले आणि वळून पाहिलं तर रेश्मा रांगेतून बाहेर पडून रस्त्याच्या कडेला उभी होती. हातात प्रवेशपत्र. मी हाका मारल्या. ती नुसती मान हलवत राहिली. घंटा झाली, फाटक लागलं. पेपरभर माझ्या डोळ्यांपुढं तिची ती हलणारी मान होती.

दुसऱ्या दिवशी ती अभ्यासिकेत आली, ती खुर्चीवरचं आपलं आसन गुंडाळून न्यायला. अक्कांनी तिला समजावलं नाही की जवळ घेतलं नाही. "रविवारी धाला त्या कालेजच्या फाटकावर ये," एवढंच म्हणाल्या. "न्हाई आलीस तर मी जतला येईन."

ती आली. अक्कांनी तिथल्या पहारेकऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं. बंद कॉलेजच्या व्हरांड्यात त्यांनी रेश्माला बाकावर बसवलं, जुना पेपर पुढं ठेवला आणि घड्याळ लावलं. स्वतः शेजारी बसून राहिल्या. असे त्यांनी आठ रविवार काढले. पहिल्या दोन रविवारी रेश्मा फाटकातच ओकली. अक्कांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली आणि म्हणाल्या, "झालं? चल आता." तिसऱ्या रविवारी मी त्यांच्याबरोबर होते. पेपर सुटल्यावर रेश्मा म्हणाली, "अक्का, तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही खंबीर आहात."

अक्का हसल्या नाहीत. "मी तीनदा नापास झाली हाय. ग्रंथपालाच्या परीक्षेत, पुस्तकांच्या वर्गीकरणाच्या पेपरला. तिसऱ्या टायमाला निकाल बघाय गेलीच न्हाई, घरात पडून राहिली. म्हटलं, मेंढराच्या मागची बाई, आपलं काम न्हवं ते. आभ्यास तर लय केला हुता गं. पण पेपर हातात आला की आतनं कोनतरी म्हनायचं, तुला न्हाई यायचं. मग येत असल्यालं बी जायचं." जरा थांबून म्हणाल्या, "तवा कळलं. हिंमत बी पाठ करावी लागती, पाढ्यावानी. ती आपसूक येती आसं समजून मी बसली हुती."

पुढच्या आठवड्यात रेश्माच्या कागदाच्या वरच्या भागात पेन्सिलीनं, दिसेल न दिसेल असं लिहिलेलं होतं: 'मी पेपरला बसेन.' अक्कांनी ते वाचलं आणि पुढं गेल्या.

मग तो ऑगस्ट आला. पुढची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. चार दिवस उघडीप नव्हती. सकाळी आईचा वाईहून फोन आला. घाटाच्या पायऱ्या बुडाल्यात, पाणी देवळाच्या आत शिरलंय, असं तिनं सांगितलं. मी ते सहज बोलल्यासारखं अक्कांना सांगितलं. वाईची नदीच पुढं सांगलीला येते; त्यांचा हात रजिस्टरवर थांबला.

"कवा शिरलं?"

"पहाटे म्हणाली."

त्या उठून बाहेर गेल्या, बोळाच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. तेवढ्यात वाचनालयाचे अध्यक्ष आले. सत्तरीचे, सज्जन गृहस्थ. त्यांनी आमच्याकडं पाहून हात हलवला. "घाबरायचं कारण नाही. मी या बोळात जन्मलो. पाणी खालच्या दोन घरांपर्यंत येतं आणि परत जातं. पोरांचा अभ्यास मोडू नका, कमलबाई. जरा चांगला विचार करा."

"न्हाईच यायचं, साहेब," अक्का म्हणाल्या. मग हॉलकडं वळल्या. "पाणी न्हाई यायचं. पण उचला."

आम्ही बावीस जण होतो. जिन्यावर साखळी लावली आणि पुस्तकं हातोहात वर जाऊ लागली. सुहास जिन्याच्या मध्यावर उभा होता आणि सगळ्यांना हसवत होता. तासाभरानं तो म्हणाला, "अक्का, इतकं वाईट मनात आणलं की तेच होतं बघा. मी तर पक्कं धरलंय, पाणी येणार नाही."

"ते मनात धर. आन् हातात ह्यो गठ्ठा धर."

दुपारी जेवायच्या सुट्टीत तो बाहेर पडला आणि परत आला नाही. त्याच्या खोलीकडचा रस्ता मोकळा होता, नदी अजून बोळाच्या खाली होती. त्याला वाटलं, झालं तेवढं पुरे. आम्ही संध्याकाळपर्यंत निम्म्याहून जास्त कपाटं रिकामी केली. अक्कांनी आठ जणांना थांबायला सांगितलं, बाकीच्यांना आपापल्या खोल्यांवर पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पायरीला लागलं. ते धावत आलं नाही. आवाज न करता, काडीकचरा पुढं ढकलत, एकेक बोट चढत राहिलं. आम्ही उरलेली पुस्तकं वर फेकल्यासारखी नेत होतो. रेश्मा एका कपाटापुढं नुसती उभी राहिली. "सगळं जाणारच आहे," ती म्हणाली. अक्कांनी तिच्या हातात चार पुस्तकं दिली. "ही चार न्हाई जायची." ती निघाली.

दहाच्या सुमाराला पाणी कमरेला आलं आणि अक्कांनी सगळ्यांना वर बोलावलं. तेवढ्यात बोळातून छातीएवढ्या पाण्यातून, भिंतीला धरधरून सुहास आला. त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता.

"माझी फाईल," तो म्हणाला. "ड्रॉवरमध्ये. सगळे मूळ कागद. जातपडताळणी, मार्कलिस्ट, सगळं."

खाली हॉलमागच्या खोलीत, भिंतीला प्रत्येकाचा एकेक ड्रॉवर होता. बाकीच्यांनी आपापलं सामान आदल्या दिवशीच वर नेलं होतं. जातपडताळणीसाठी सुहासच्या वडिलांनी दोन वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते, ते सगळ्यांना ठाऊक होतं. तो जिन्यावरून खाली उतरायला लागला.  अक्कांनी त्याला खांद्याला धरून मागं बसवलं.

"तुला पवाया येतं?"

"नाही."

"आनि कुणाला?"

बाकी कुणाला येत नव्हतं. मला येत होतं. मी वाईची, घाटावरच्या डोहात शिकलेली. मी जिन्यावर, पाण्यापासून तिसऱ्या पायरीवर उभी होते, पाण्याचा तो मातकट रंग बघत होते, त्यात एक खुर्ची उलटी तरंगत होती, आणि माझ्या तोंडातून शब्द आला नाही.

अक्कांनी गच्चीवरचा कपडे वाळत घालायचा दोर काढून आणला आणि स्वतःच्या कमरेला बांधला. कोरड्या मुलखातली बाई, तिला पोहता येणं शक्यच नव्हतं. दुसरं टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. सुहासला माझ्या मागं उभं केलं. "ढिला सोडू नको, वाई. आन् वढायचा न्हाई, मी हिसका दिल्याबिगर."

त्या भिंतीला धरून आत गेल्या. मागं जमीन उतरती होती, तिथं पाणी त्यांच्या काखेपर्यंत आलं. मागच्या खोलीच्या वळणावर त्या दिसेनाशा झाल्या, फक्त दोर हलत होता. लाकूड आपटल्याचा आवाज आला. ड्रॉवर फुगून बसला असणार. पुन्हा आपटल्याचा आवाज. मग काच फुटल्यासारखं काहीतरी वाजलं, मोठं काहीतरी पाण्यात पडलं, लाट येऊन आमच्या पायरीवर आपटली आणि दोर माझ्या हातात एकदम ढिला पडला.

सुहास ओढायला लागला. मी त्याला कोपरानं मागं ढकललं. ओढायचा नाही असं त्या म्हणाल्या होत्या. मी मनात दहा मोजायचं ठरवलं. सातला मी चप्पल काढून टाकली. आठला दोराला हिसका बसला.

त्या वळणावरून आल्या तेव्हा फाईल डोक्यावर धरलेली होती आणि त्यांच्या मागं पाण्यात तांबडी रेघ होती. कपाट आडवं झालं होतं. त्याच्या काचेनं उजव्या घोट्याच्या वर खोल चिरलं होतं. जिन्यावर बसल्यावर त्यांनी आधी फाईल उघडून कागद मोजले आणि मगच पायाकडं पाहिलं. फाईल प्लास्टिकची होती, वरचे दोन कागद भिजले होते. सुहासनं ती घेतली आणि त्यांच्या पायाशी बसून राहिला.  बोटीनं आम्हाला काढेपर्यंत दुपार झाली.

त्या जखमेत नदीचं पाणी गेलं होतं. अक्का अठरा दिवस दवाखान्यात होत्या. पाय राहतो की जातो, असं पहिले चार दिवस होतं. मी रोज जायचे. पाचव्या दिवशी ताप उतरल्यावर मी त्यांना सांगितलं, मला पोहता येत होतं.

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "वाईची पोरगी, पवाया येनारच. म्हनून तर दोर तुज्या हातात दिला."

"पण मी बोलले नाही."

"न्हाई बोललीस." त्यांनी डोळे मिटले. "चप्पल काढलीस म्हनं. सुहासनं सांगितलं."

 मला त्यांनी माफ केलं की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही.

दवाखान्यातून त्या थेट वाचनालयात आल्या, कुबडी घेऊन. चिखल आम्ही काढला होता, पण जी पुस्तकं वर नेता आली नव्हती ती हॉलमध्ये ढिगानं पडली होती. फुगून, एकमेकांना चिकटून, वास मारत. अक्का पायरीवर बसल्या. कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "संपलं. नव्यानं न्हाई व्हायचं आता माज्याच्यानं." असा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. सुहाससुद्धा, ज्याच्याकडं प्रत्येकासाठी दोन शब्द असायचे, गप्प उभा होता.

रेश्मा ढिगापाशी गेली. एकेक पुस्तक उचलून, दाबून बघून तिनं दोन रांगा लावल्या. पंधरा मिनिटं गेली. मग ती अक्कांजवळ आली.

"ही चौसष्ट वाचतील, अक्का. पानांत वर्तमानपत्र घालून पंख्याखाली ठेवायची. मी मोजलीत."

"वाचत्यात?"

"वाचतील."

अक्कांनी तिच्याकडं असं पाहिलं, जणू ही मुलगी कोण हे त्यांना नव्यानं कळत होतं. मग कुबडी बाजूला ठेवून म्हणाल्या, "पेपर आन."

परीक्षा पुढं ढकलली गेली होती. रेश्मा पेपरला बसली. त्या वेळी तिचं झालं नाही, पुढच्या खेपेला झालं. आज ती एका तालुक्याला नायब तहसीलदार आहे. मी साताऱ्याच्या एका कचेरीत लागले. सुहास पुरानंतर खरोखर झपाटल्यासारखा बसला. त्याचा कागद भरून वाहू लागला. तरी दोनदा थोडक्यात हुकला. तिसऱ्यांदा फॉर्म भरायला निघाला, तेव्हा अक्कांनी त्याला बोलावलं. मी सुट्टीला तिथं आले होते, समोरच बसले होते.

"आता बास कर," त्या म्हणाल्या.

"अक्का, तुम्हीच म्हणता ना, हिंमत पाठ करायची?"

"म्हनती. पण एकाच दारावर डोकं आपटनं म्हंजे हिंमत न्हवं. तू बोललास की मानसं कामाला लागत्यात. तसलं काम बग. आन् पुरानंतर हितं दोन वर्सं जसा बसलास ना, तसाच तिथं बस."

सुहास उठून गेला. वर्षभर तो त्यांच्याशी बोलला नाही. त्या वर्षात तो आला की नाही हे बघायला दारात उभ्या राहिलेल्या अक्का मी दोनदा पाहिल्या. पुढं त्यानं कवठे महांकाळला ठिबक सिंचनाचं दुकान टाकलं. आता कालव्याचं पाणी त्या भागात आलंय, दुकान चालतंय. माणसांशी बोलून त्यांना कामाला लावणं त्याला जमतंच, आणि आता तो स्वतःही सकाळी सातला दुकानात असतो.

अक्का निवृत्त होऊन गावी गेल्या. गेल्या मार्चमध्ये कामानिमित्त मी तिकडं गेले, तेव्हा कळलं की त्यांनी गावातल्या एका पडक्या खोलीत वाचनालय काढलंय, आणि वाड्यावस्त्यांवर पुस्तकं पोचवायची म्हणून साठीत स्कूटर शिकायला घेतलीय. मी शोधत शाळेमागच्या रस्त्यावर गेले. ऊन चढलेलं होतं. अक्का स्कूटरवर ताठ बसल्या होत्या, डोक्यावर भलंमोठं हेल्मेट, आणि मागं सीट धरून सुहास धावत होता.

"सोडू नको रं," त्या म्हणत होत्या.

"नाही सोडत, अक्का," तो म्हणाला आणि त्यानं सोडलं.

त्या पुढं गेल्या. वीसेक पावलं अगदी सरळ. मग समोरच्या वळणावरून द्राक्षांचा टेम्पो आला. सुहास ओरडला. स्कूटर डावीकडं वळली, खडीवरून घसरली आणि अक्का रस्त्याच्या कडेला मातीत पडल्या. टेम्पो हॉर्न वाजवत निघून गेला. आम्ही दोघं पळत सुटलो.

आम्ही पोचायच्या आधीच त्या उठून बसल्या होत्या. दुखरा पाय त्यांनी हातानं सरळ केला, उभ्या राहिल्या, साडीची माती झटकली. स्कूटर उभी करताना दोनदा कलंडली. सुहास मदतीला पुढं झाला, तसा त्यांनी वळून न बघता तळहात दाखवून त्याला जागच्या जागी थांबवलं. मग दोन्ही पाय जमिनीवर टेकवून त्या सीटवर बसल्या, हेल्मेट नीट केलं आणि बटण दाबलं.